अलॉय व्हील बसवताना या चुका टाळा: चाक चढलं म्हणजे बसलं असं नाही

दसरा-दिवाळीच्या तोंडावर आमच्या अलाइनमेंटच्या दुकानात एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. गाडी चार-पाच वर्षांची, अलॉय कोरे करकरीत, आणि तक्रार एकच: "ऐंशीच्या पुढं गेलं की स्टिअरिंग थरथरतंय, बॅलन्सिंग बिघडलंय वाटतं." बॅलन्सिंग तोवर दोन-तीन ठिकाणी करून झालेलं असतं. चाकाच्या आतल्या कडेवर शिशाच्या इतक्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात की त्या सोलायलाच आमच्या पोराचा अर्धा तास जातो. कोल्हापुरात हायवेलगत हे दुकान चालवून वीसेक वर्षं झाली. थरथरणाऱ्या नव्या चाकांत बॅलन्सिंगचा दोष क्वचित निघतो. निघतो तो आकड्यांचा.

अलॉय घेताना माणूस फोटो बघतो, काळा की डायमंड कट ते ठरवतो, आणि शेवटी विचारतो, "माझ्या गाडीला बसेल ना?" दुकानदार म्हणतो, "चार भोकी आहे, बसणारच." इथंच घोळ होतो. स्विफ्ट आणि सिटी दोन्ही चार भोकी, दोघींचा पीसीडी १००, म्हणजे भोकांच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ १०० मिलिमीटर व्यासाचं. पण मधल्या हबचं, म्हणजे गाडीच्या ज्या गोल उंचवट्यावर चाकाचं मधलं भोक बसतं त्याचं, माप स्विफ्टला ५४.१ आणि सिटीला ५६.१. नटाचा आटा, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, स्विफ्टला १.२५ मिलिमीटरचं, सिटीला १.५ चं. पोलोला पाच भोकं, पीसीडी १०० च, हब ५७.१, आणि तिथं नट नसतातच, बोल्ट असतात. चाकाच्या मागच्या बाजूला हे बरंचसं कोरलेलं असतं. पैसे देण्याआधी चाक उलटं करून वाचायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं कुणाकडं नसतात, थरथर घेऊन दुकानं फिरायला मात्र चार रविवार असतात.

दोन मिलिमीटरची पुंटो

फियाटच्या पुंटो आणि लिनिया पुण्याजवळ रांजणगावला बनायच्या, त्यामुळं आपल्या भागात त्या अजून दिसतात, आणि चालवणारे त्यांच्यावर जीव टाकतात. या गाड्यांचा पीसीडी ९८. शंभर नव्हे, अठ्ठ्याण्णव. बाजारात चार भोकी अलॉय बहुतेक १०० चे. डोळ्यांना फरक दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि जोर लावला तर चाक चढतंसुद्धा.

कराडचा एक मुलगा अशीच पुंटो घेऊन आला. सेकंडहँड अलॉय कुणाकडून तरी घेतलेले, बसवले गावातल्या पंक्चरवाल्यानं. तीनदा बॅलन्सिंग, दोनदा अलाइनमेंट झालेलं, आणि आता तो सस्पेन्शन उघडायला निघालेला. मी आधी एक बोल्ट काढला आणि त्याचं डोकं उजेडात धरलं. नीट बसलेल्या बोल्टच्या निमुळत्या भागाला गोल फिरून एकसारखी चकाकी येते. इथं चकाकी एकाच बाजूला चंद्रकोरीसारखी, दुसरी बाजू कोरी. दुसऱ्या बोल्टचं तेच, फक्त कोर उलट्या अंगाला. तिसरा बोल्ट काढला तो किंचित वाकलेला. पोराला म्हटलं, "बाबा, सस्पेन्शन राहू दे. ही चाकं तुझ्या गाडीची नाहीत."

झालं होतं ते असं. प्रत्येक भोक हबवरच्या भोकापासून एक मिलिमीटर बाहेर. पहिला बोल्ट आवळला की तो चाक स्वतःकडं ओढतो. समोरचा आवळला की तो आपल्याकडं. दोघांच्या ओढाताणीत चाक मध्यावर राहत नाही आणि बोल्ट रोज वाकत-सरळ होत राहतो. धातू अशानं थकतो आणि एक दिवस तुटतो, तोही सुटीच्या दिवशी घाटात. तो मुलगा ज्या वेगानं पुणे गाठत होता ते ऐकून मीच जरा वेळ खाली बसलो.

ही तफावत सांभाळायला सैल कड्याचे व्हॉबल बोल्ट मिळतात. काहीजण ते वापरून सुखानं फिरतात, फिरोत. मी बसवून देत नाही. ९८ चं चाक मिळेपर्यंत जुनी लोखंडी डिस्क बरी.

पीसीडी स्वतः मोजायचा असेल तर चार भोकी चाकात समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांतलं अंतर घ्या, तोच आकडा. पाच भोकीत समोर भोक येत नाही, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर घेऊन १.७ नं गुणा. साधारण ५९ मिलिमीटर आलं तर १०० चं चाक, ६७ आलं तर ११४.३ चं.

मधलं भोक आणि हरवलेली रिंग

आता थरथरीचं खरं कारण. बाजारातलं अलॉय अनेक गाड्यांना चालावं म्हणून त्याचं मधलं भोक मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१. तुमच्या स्विफ्टचा हब ५४.१ चा. मधली पोकळी भरायला एक रिंग लागते, बाहेरून ७३.१, आतून ५४.१. ती नसली की नट आवळताना चाक वजनानं थोडं खाली बसतं आणि तिथंच पक्कं होतं.

मग मशीनला हे का कळत नाही? मशीन चाकाला मधल्या भोकात शंकूसारखा कोन घालून धरतं, म्हणजे अगदी मध्यावर. तिथं शून्य दाखवतं आणि खोटं बोलत नाही. गाडीवर मात्र चाक मध्यावर नाही. म्हणून तीनदा बॅलन्सिंग करून फरक शून्य.

नवीन चाकांबरोबर रिंगा येतात, आणि पहिल्या पंक्चरला त्यातली एक हरवते. हबला चिकटून राहते किंवा पंक्चरवाला "हे काय प्लास्टिक" म्हणून फेकून देतो. एक चाक अचानक थरथरायला लागलं तर सगळ्यात आधी रिंग आहे का बघा. मी प्लास्टिकचीच देतो. ॲल्युमिनियमची दिसायला भारी, पण मालवण-वेंगुर्ल्याच्या गाड्यांना खाऱ्या हवेत ती अशी धरते की चाक काढायला मागून टायरवर लाथा घालाव्या लागतात. हबवरचा गंज वायर ब्रशनं घासून कडेला ग्रीसचा नुसता हात फिरवावा. आट्यांना मात्र तेल-ग्रीस काही लावू नका. आटे गुळगुळीत झाले की त्याच जोरात नट जास्त आवळला जातो आणि स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो हबवरचा आट्यांचा दांडा, ताणला जातो.

मेहुण्याचे नट

दुसरी चूक घरातलीच आहे, म्हणून जास्त लागते. माझ्या मेहुण्यानं होंडा सिटीला बाहेरचे अलॉय घेतले. दुकान घरचं असून माझ्याकडं आला नाही, "दाजींना कशाला त्रास" म्हणे. व्हिडिओ बघून अंगणातच बसवले. पीसीडी बरोबर, रिंगा बरोबर, सगळं बरोबर. नट जुनेच वापरले, कारण "नट चांगलेच होते की."

आठवड्यानं गगनबावड्याहून कोकणात उतरताना फोन. "दाजी, मागनं टकटक वाजाय लागलंय. दगुड अडकलाय जनू."

"गाडी बाजूला घे आणि नट हातानं फिरतोय का बघ."

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग हळू आवाजात, "दोन फिरत्यात."

होंडाच्या कंपनी चाकाला नट बसायची जागा वाटीसारखी गोल असते आणि नटाचं तोंडही तसंच गोल. बाहेरच्या बहुतेक अलॉयला ती जागा कोनाची, म्हणजे शंकूसारखी निमुळती, ६० अंशांची. गोल तोंड कोनात बसवलं की ते बारीक रेघेवर टेकतं. आवळताना घट्ट लागतं, पाना कुरकुरतो, माणसाला समाधान मिळतं. पण पन्नास-शंभर किलोमीटरवर ती रेघ ॲल्युमिनियममध्ये रुतते आणि नट सैल पडतो. मेहुण्याच्या एका चाकाची भोकं लंबगोल झाली होती. ते चाक भंगारात गेलं. सबंध सेटचे पैसे मोजलेले, आणि वाचवले कशाचे, तर नटांचे.

पोलोलाही बोल्टाचं तोंड गोलच असतं, तिथंही हाच घोटाळा. माझी सवय: प्रत्येक भोकात बोट फिरवून जागेचा आकार बघतो, मग नट निवडतो. आणि नट शेवटपर्यंत बोटांनी फिरलाच पाहिजे. दोन-तीन आट्यांत अडला तर आटा चुकीचा आहे, सिटीचा नट स्विफ्टला चढवताय. तिथं पोरं गन, म्हणजे नट आवळायचं मशीन, लावतात. मग स्टड बदलायचं बिल येतं. चाकाला टेकलेला नट उलटा फिरवत मोजला तर १२ मिलिमीटरच्या स्टडवर १.५ च्या आट्याला निदान आठ फेरे आणि १.२५ ला दहा फेरे आत गेलेले असावेत. कमी भरले तर चाक जाड आहे किंवा कुणीतरी हब आणि चाकाच्या मध्ये स्पेसर, म्हणजे जाड चकती, घातलाय.

स्पेसरबद्दल मला विचारू नका.

आवळणं

गन किती आवळते ते गनला माहीत नसतं. आणि पान्याला पाइप लावून वर उडी मारणारा किती आवळतो ते त्याला माहीत नसतं. सिटीला १०८ न्यूटन मीटर, पोलोला १२०, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. चाक जॅकवर असतानाच नट समोरासमोर हलके आवळा, मग खाली टेकवून टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरवलेला जोर आला की कळवणाऱ्या पान्यानं, पक्के करा. टॉर्क पान्याचा खर्च एका नव्या टायरपेक्षा कमी, तरी लोक त्याला चैन म्हणतात. कमी-जास्त आवळलं तर ब्रेकची डिस्क सूक्ष्म वाकडी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेकवर पाय ठेवला की पेडल धडधडतं. मग ब्रेकला शिव्या. आणि ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर परत आवळायला या, हे मी बिलावर लिहून देतो. दहातले तीन येतात.

रुंदी, ऑफसेट, टायर

चाकावरचा 'जे' म्हणजे इंचातली रुंदी, आणि 'ईटी' म्हणजे ऑफसेट, चाकाच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते. ६ जे ईटी ४५ च्या जागी ७ जे ईटी ३५ घातलं की बाहेरची कड जवळजवळ २३ मिलिमीटर बाहेर येते. मोकळ्या गाडीत काही लागत नाही. मागं तिघं आणि डिकीत दिवाळीचा फराळ असला की प्रत्येक खड्ड्यात फेंडर टायरला चावतो. म्हणून मी गाडीत चार माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवून बघतो. दुकानातली पोरं वैतागतात, पण मागं बसायला तेवढीच विश्रांती.

टायरचा हिशेब शाळेतला आहे. १८५/६५ आर १५ चा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर. १९५/५५ आर १६ घेतला तर ६२१, उत्तम. "जरा भरदार दिसू दे" म्हणून २०५/६० आर १६ घातला की ६५२, पाच टक्के जास्त. मीटरवर १०० दिसतं तेव्हा गाडी १०५ नं पळत असते, आणि दंडाची पावती घरी येते तेव्हा कॅमेरा चुकीचा ठरतो.

चाकाच्या मागं वजनाची मर्यादा आणि जेडब्ल्यूएल, व्हीआयए हे जपानी दर्जाचे शिक्के शोधा. नुसते शिक्के असले म्हणजे माल चोख असंही नाही. फाउंड्रीच्या गावात वाढल्यामुळं मला रंगाखालच्या ब्लोहोलची, म्हणजे ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळीची, धास्ती जरा जास्तच आहे, पण अतिस्वस्त सेटवर ती योग्यच आहे. तडा गेलेलं अलॉय वेल्डिंग करून कुणी "नव्यासारखं" देत असेल तर ते त्यानं स्वतःच्या गाडीला लावावं.

स्टेपनी

ही चूक बसवताना कळत नाही, रात्री साडेअकराला कळते. स्टेपनी अजून कंपनीची लोखंडी आहे आणि तुम्ही नट बदललेत. सिटीच्या लोखंडी डिस्कला गोल तोंडाचा नट लागतो, तुमच्याकडं आता कोनाचे आहेत. बोल्टवाल्या गाडीत अलॉयसाठी घेतलेले लांब बोल्ट पातळ डिस्कला लावले तर आत ब्रेकच्या भागांवर जाऊन टेकू शकतात. म्हणून जुने नट किंवा बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यात ठेवा, चोरी टाळायला लावलेल्या लॉक नटाची चावीही तिथंच. मेहुण्याच्या डिकीत आता ती पिशवी आहे. माझ्या बहिणीच्या गाडीत मात्र परवा बघितलं तर पिशवी होती आणि आत नटांच्या जागी लोणच्याची बरणी.