जुन्या फिशटँकमध्ये पुन्हा मासे

शेजाऱ्यांकडून घेतलेल्या दोन फुटी टँकच्या काचेवर पांढरे क्षार घट्ट बसले होते. व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवलं आणि जुन्या एटीएम कार्डाने खरवडलं. साबण अजिबात नाही, त्याचा अंशही माशांना घातक. मग रात्रभर पाणी भरून गळती तपासली.

खरं काम पुढचं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना विषारी, नायट्रेट त्यामानाने बरंच कमी घातक. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात राहतात, म्हणून मित्राच्या चालू टँकमधला मळका स्पंज मागून आणला. तो नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात! मासे नसतानाही रोज चिमूटभर खाद्य टाकत राहिलो, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळत राहील. टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच गप्पी सोडले.