भुकेल्या माणसाची रोजनिशी वाचताना: लाइकहार्टच्या वाटेवरचा माझा अभ्यास

पुण्यात प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी पदव्युत्तर अभ्यासासाठी उत्तर ऑस्ट्रेलियात आले, तेव्हा गळ्यात दुर्बीण अडकवून पाणथळ जागी हिंडायला मिळेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिले आठ महिने एका प्रशियन माणसाची रोजनिशी वाचण्यात गेले. जुन्या नोंदींवरून एखाद्या प्रदेशातील प्राणिजीवन पूर्वी कसे होते हे शोधण्याच्या शाखेला हिस्टॉरिकल इकॉलॉजी म्हणतात, आणि आपल्याकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांना तिची फारशी कल्पना नसते. मलाही नव्हती. या शाखेत नव्याने येणाऱ्यांना माझ्या चुका उपयोगी पडतील, म्हणून हे लिहीत आहे.

ती रोजनिशी लुडविग लाइकहार्ट या निसर्ग अभ्यासक शोधप्रवाशाची. १८१३ मध्ये प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीत, जन्मलेल्या या माणसाने बर्लिन आणि ग्यॉटिंगन येथे शिक्षण घेतले, पण पदवी घेतली नाही, आणि १८४२ मध्ये तो सिडनीला उतरला. १ ऑक्टोबर १८४४ रोजी पूर्व ऑस्ट्रेलियातील डार्लिंग डाउन्समधील जिंबूर या शेवटच्या वस्तीवरून त्याची तुकडी निघाली आणि सुमारे ४,८०० किलोमीटर चालून १७ डिसेंबर १८४५ रोजी उत्तर किनाऱ्यावरील पोर्ट एसिंग्टन या ब्रिटिश ठाण्यावर पोहोचली. आज उत्तरेचे मुख्य शहर असलेले डार्विन तेव्हा नव्हतेच. ते १८६९ मध्ये वसले. निघाली तेव्हा दहा माणसे होती. दोघे महिन्याभरात परतले, एक वाटेत मारला गेला आणि सात पोहोचले. रोजनिशी १८४७ मध्ये लंडनमध्ये छापली गेली आणि आज ती इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते, म्हणजे पुण्यात किंवा साताऱ्यात बसूनही हा अभ्यास सुरू करता येतो.

माझी पहिली चूक शब्दांची होती. मार्गदर्शकांनी रोजनिशीतील प्रत्येक प्राण्याची नोंद तारीख आणि ठिकाणासह तक्त्यात उतरवायला सांगितली, आणि मी एका आठवड्यात मोठ्या अभिमानाने तक्ता नेऊन दिला. त्यात ‘अ‍ॅलिगेटर’ होते, ‘इग्वाना’ होते, ‘टर्की’ होती आणि ‘नेटिव्ह कम्पॅनियन’ नावाचा एक पक्षी होता. मार्गदर्शकांनी कागद परत देताना एवढेच विचारले की, ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिगेटर कधीपासून झाले? त्या काळी इंग्रज वसाहतीत मगरीला अ‍ॅलिगेटर म्हणण्याचा प्रघात होता. नौदलाचा सर्वेक्षक फिलिप पार्कर किंग याने ज्या नद्यांना अ‍ॅलिगेटर हे नाव दिले, त्यांतही मगरीच आहेत. इग्वाना म्हणजे तिथली घोरपड, नेटिव्ह कम्पॅनियन म्हणजे ब्रोल्गा हा क्रौंच, आणि टर्की म्हणजे कुठे माळढोकाच्या कुळातला पक्षी, तर कुठे पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालणारा कोंबडीसारखा रानपक्षी. कोणता, ते पुढच्या-मागच्या वाक्यांवरून ठरवावे लागते. म्हणून प्राण्यांच्या आधी शब्दांचा तक्ता करावा. या कामाला मला तीन आठवडे लागले आणि त्यानंतर पहिला तक्ता टाकून द्यावा लागला.

दुसरी चूक अधिक खोल होती आणि ती समजायला मला कित्येक महिने लागले. नोंदी मोजल्या तर रोजनिशीत एमू, कांगारू, बदके आणि कबुतरे भरपूर आहेत, पण लहान सस्तन प्राणी, उंदीर, बेडूक, साप यांचा उल्लेख फार विरळ आहे. मी लिहून मोकळी झाले की, १८४५ मध्ये या पट्ट्यात लहान सस्तन प्राणी कमी असावेत. हा निष्कर्ष सपशेल चुकीचा होता. लाइकहार्टच्या तुकडीने निघताना १,२०० पौंड पीठ, २०० पौंड साखर आणि ८० पौंड चहा घेतला होता; पीठ आणि साखर संपल्यावर तुकडी बरोबरच्या बैलांचे वाळवलेले मांस आणि बंदुकीच्या टप्प्यात येईल ते, यांवर जगली. बैलांचे कातडेसुद्धा शिजवून खाल्ले गेले. अशा माणसाच्या वहीत जे प्राणी येतात ते त्या प्रदेशात असलेले सगळे प्राणी नसतात, तर पातेल्यात शिरलेले, पातेल्यातून निसटलेले किंवा पातेल्यावर झडप घालणारे प्राणी असतात.

झडप घालणाऱ्यांत घार पहिली. वाळत घातलेल्या मांसावर घारी कशा तुटून पडत, याची वर्णने रोजनिशीत वारंवार येतात. ती वाचताना मला घरची आठवण येई, कारण पुण्याच्या मटण बाजारावर घिरट्या घालणारी घार आणि ही घार एकाच जातीची आहे. केवड्याचेही तसेच. उत्तर ऑस्ट्रेलियात नदीकाठाने वाढणारा पँडनस हा आपल्या कोकणातील केवड्याचा सख्खा भाऊबंद. त्याची फळे पाहून लाइकहार्टला मोह होई, आणि दर वेळी ओठ सोलवटून जीभ फोडांनी भरे. पहिल्यांदा तर जुलाबही झाले. स्थानिक आदिवासी तेच फळ भिजवून आणि भाजून खात असल्याच्या खुणा त्याला त्यांच्या तळांवर दिसल्या, आणि मग त्याने आपली पद्धत बदलली. वनस्पतीची माहिती, तिच्या वापराचे ज्ञान आणि ते ज्ञान कोणाचे, या तिन्ही गोष्टी अशा एकाच नोंदीत असतात. सुरुवातीला मी फक्त पहिलीच लिहून घेत असे.

येथे हॅरी ब्राउन आणि चार्ली फिशर या दोघांविषयी लिहायला हवे. हे दोघे न्यू साउथ वेल्समधील आदिवासी पुरुष. वाट शोधणे, पाणी हेरणे आणि शिकार करणे यांतला फार मोठा वाटा त्यांचा होता. चार्लीचे आणि लाइकहार्टचे इतके खटके उडत की, एकदा चार्लीच्या ठोशाने लाइकहार्टचे दोन दात हलले. तरीही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एकच नाव आहे. प्रत्येक नोंदीपुढे ‘प्राणी प्रत्यक्ष कोणी पाहिला’ असा वेगळा रकाना ठेवावा, असा माझा आग्रह आहे. तो ठेवल्यावर ‘लाइकहार्टची निरीक्षणे’ हा शब्दप्रयोग मला जपून वापरावासा वाटू लागला.

पक्ष्यांच्या बाबतीत एक तारीख लक्षात ठेवणे अत्यावश्यक आहे, ती म्हणजे २८ जून १८४५. त्या रात्री केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूला तुकडीच्या तळावर हल्ला झाला, तुकडीतले रोपर आणि कॅल्व्हर्ट गंभीर जखमी झाले आणि जॉन गिल्बर्ट भाला लागून मरण पावला. गिल्बर्ट हा पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डसाठी नमुने गोळा करणारा संग्राहक. तुकडीत पक्षी खऱ्या अर्थाने ओळखणारा माणूस तोच होता. आज नामशेष झालेला पॅराडाइज पोपट विज्ञानाला त्याच्याच नमुन्यांमुळे माहीत झाला. म्हणजे जिथे कार्पेंटेरियाच्या आखाताभोवतीचा आणि त्यापुढचा खरा उष्णकटिबंधीय किनारा सुरू होतो, तिथेच जाणकाराची नोंद थांबते. पुढच्या साडेपाच महिन्यांत पक्ष्यांची विविधता घटल्यासारखी दिसते, ती किनाऱ्यावरची नव्हे, वहीतली घट आहे. सुदैवाने गिल्बर्ट १८४०-४१ मध्ये पोर्ट एसिंग्टनला राहून गेला होता. तिथे दिसणारे मातीचे आणि पाचोळ्याचे प्रचंड ढीग थडगी नसून एका पक्ष्याची अंडी उबवण्याची जागा आहे, हे त्याने ढीग उकरून दाखवले. म्हणून प्रवासाचा शेवटचा टप्पा अभ्यासताना त्या आधीच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. गिल्बर्टच्या प्रवासातील डायऱ्या १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये सापडल्या आणि त्या आता सिडनीच्या मिचेल लायब्ररीत आहेत. गूल्डने ऑस्ट्रेलियन पक्ष्यांचा आपला संग्रह फिलाडेल्फियाला विकला, त्यामुळे नमुन्यांसाठी पत्रव्यवहार अमेरिकेशी करावा लागतो. उत्तर यायला वेळ लागतो. हे काम पहिल्याच सत्रात सुरू करावे.

ठिकाणे निश्चित करणे कंटाळवाणे असते, पण टाळता येत नाही. अक्षांश सेक्स्टंटने, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणाऱ्या उपकरणाने, बऱ्यापैकी नेमके मिळत. रेखांशासाठी मात्र अचूक घड्याळ लागे, आणि घड्याळ चार मिनिटे चुकले की रेखांश एका अंशाने, म्हणजे त्या भागात शंभराहून अधिक किलोमीटरने सरकतो. स्वतः लाइकहार्टने आखाताजवळची एक नदी अल्बर्ट समजून ओलांडली होती. ती वेगळी असल्याचे शोधप्रवासी ऑगस्टस ग्रेगरीने १८५६ मध्ये ओळखले आणि तिला लाइकहार्टचे नाव दिले. तेव्हा नकाशावर ठिपका काढू नये, वर्तुळ काढावे.

ऋतूचे भानही असेच. दुसऱ्या वर्षी मला उत्तरेतील काकाडू या राष्ट्रीय उद्यानाच्या पूरमैदानात जाता आले, तेही ऑक्टोबरच्या शेवटी, जेव्हा पाणी आटून थोड्या डबक्यांपुरते उरते आणि मॅग्पाय हंसांचे थवे तिथे इतके दाटतात की त्यांच्या कलकलाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. लाइकहार्ट याच प्रदेशातून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेला. स्थानिक लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात आणि त्या दिवसांना, मोसमी पावसाआधीच्या उकाड्याला, गुनुमेलेंग म्हणतात. त्याने पाहिलेली हंसांची गर्दी वर्षभराची समजली तर हिशेब चुकतो. याच काळात शेजारच्या आर्नहेम लँड या आदिवासी प्रदेशाच्या पठारावर त्याला विटेच्या रंगाचे, निळ्या छटांचे नाकतोडे दिसले. स्थानिक कथेत हे नाकतोडे, अल्युर, विजेचा देव नामार्गोन याची मुले आहेत आणि पहिल्या गडगडाटाबरोबर ते बापाला शोधायला बाहेर पडतात. विज्ञानाला मात्र ते त्यानंतर थेट १९७०च्या दशकात पुन्हा सापडले. पूर्ण वाढलेला नाकतोडा पावसाच्या तोंडाशी दिसतो, हे त्या कथेत आधीपासूनच नोंदलेले होते.

किनाऱ्याजवळच्या शेवटच्या टप्प्यात तुकडीने एक म्हैस मारली. मला ही नोंद आधी चुकीची वाटली, कारण ऑस्ट्रेलियात म्हशी मूळच्या नाहीत. ब्रिटिशांनी १८२०च्या दशकापासून उत्तरेकडील ठाण्यांवर आणलेल्या म्हशी रानात सुटून वाढल्या होत्या. म्हणजे पहिला युरोपीय प्रवासी जमिनीवरून पोहोचायच्या आधीच परका प्राणी तिथे पोहोचला होता. त्याच दिवसांत भेटलेल्या आदिवासींना इंग्रजीचे थोडे शब्द येत होते, त्यावरून ठाणे जवळ आल्याचे तुकडीला कळले. ‘मूळ निसर्ग’ म्हणून १८४५ हे वर्ष आधाराला घेणाऱ्या नवख्या संशोधकाने हे पान दोनदा वाचावे.

काही व्यावहारिक बाबी. जुनी वृत्तपत्रे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर आणि आजच्या प्राण्यांच्या नोंदी ‘अ‍ॅटलास ऑफ लिव्हिंग ऑस्ट्रेलिया’वर मोफत मिळतात, दोन्ही मराठवाड्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या संगणकावरही उघडतात. आर्नहेम लँडमध्ये जाण्यासाठी नॉर्दर्न लँड कौन्सिल या आदिवासींच्या जमिनींचे काम पाहणाऱ्या संस्थेचा परवाना लागतो. माझा अर्ज एकदा लांबला, कारण प्रवासाचा हेतू मी एका ओळीत लिहिला होता; कोणते ठिकाण, कोणते दिवस, काय उचलणार आणि काय नाही, हे सविस्तर लिहून पुन्हा पाठवल्यावर परवाना मिळाला. पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जातात, म्हणून अर्ज मार्चमध्येच करावा आणि प्रत्यक्ष काम मे ते ऑक्टोबरमध्ये उरकावे. नाकतोडा पाहायचा असेल तर मात्र उकाडा, डास आणि बंद पडू शकणारे रस्ते गृहीत धरून नोव्हेंबरात थांबावे लागते. मी थांबले होते, अकरा दिवस. बाराव्या दिवशी सकाळी एका सुगंधी झुडपावर दोन दिसले.