पेला पालथा घालताना लपवलेला चेंडू निसटतो? माझा अनुभव

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमच्या गणपतीत मी तीन पेले आणि तीन चेंडूंचा जादूचा खेळ करतो. अडचण एकच: मधल्या पेल्यात लपवलेला चौथा चेंडू पेला पालथा घालताना टणकन वाजायचा, नाहीतर घरंगळून बाहेर यायचा. दोन वर्षं यानं अगदी रडकुंडीला आणलं.

कापसाचे चेंडू फारच हलके निघाले. आत मेण लावलं, तर चेंडू पेल्यालाच चिकटून बसला. हात झपकन फिरवला, तर सगळ्यांची नजर नेमकी त्याच पेल्यावर.

जमलं ते असं. आधी टेबलावर घोंगडीची दुहेरी घडी, वर चादर. आवाज तिथेच मरतो. चेंडू क्रोशानं विणलेले, लोकरीचे. पेल्यांची चळत डाव्या हातात, तोंडं आपल्याकडे कललेली. उजव्या हातानं तळचा पेला खाली ओढायचा आणि त्याच ओघात मनगट वळवून पालथा टेकवायचा. मध्ये थांबायचं नाही, कारण पेला आणि चेंडू बरोबरीनं खाली येतात तोवरच चेंडू आत राहतो. मग मधला, मग वरचा. रिकामे पेलेही अगदी याच गतीनं. मी मनात दादरा धरतो: सहा मात्रा, प्रत्येक पेल्याला दोन. नजर मात्र डाव्या हातात उरलेल्या पेल्यांवर, कारण मुलं आपण बघतो तिकडेच बघतात.