जागणारा वेगळा आहे

सीए फायनलचा तो निकाल मी पुण्यात अभ्यासिकेच्या जिन्यात उभी राहून पाहिला. नोव्हेंबर २०२४ चा अटेम्प्ट, डिसेंबर संपत आलेला. पहिला ग्रुप १४७, दुसरा १५१. नवीन असाल तर हिशोब सांगते. प्रत्येक पेपरात किमान ४० हवेत आणि ग्रुपच्या तीन पेपरांत मिळून ३०० पैकी १५०. दोन्ही ग्रुप एकदम दिले आणि सगळ्याची बेरीज ३०० झाली, तर मागे पडलेला ग्रुपही सुटतो. माझी बेरीज २९८. दुसरा सुटला, पहिला राहिला. त्याआधी मे २०२४ ला दोन्ही राहिले होते. तो निकाल ११ जुलैला लागला, आषाढी सहा दिवसांवर होती, आणि त्या वर्षी मी घरी गेलेच नाही.

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून माळ आहे. संध्याकाळी हरिपाठ झाल्याशिवाय ताट वाढलं जात नाही. तरी त्या जिन्यात माझ्या मनात देवाचं नाव आलं ते तक्रारीसाठीच. दोन मार्कांचा प्रश्न होता, तेवढंही तुला जमलं नाही का?

या वाटेवर आत्ता पाऊल टाकणाऱ्यांसाठी लिहितेय. इंटर म्हणजे मधली परीक्षा झालेली असते, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, सुरू असते किंवा संपलेली असते, बरोबरच्यांच्या नोकऱ्या लागलेल्या असतात आणि आपण अजून त्याच खुर्चीत बसलेलो असतो. अशा वेळी देवावरचा विश्वास म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

निकालानंतर घरी गेले. आमचं गाव सांगोला तालुक्यात, डाळिंबाची बाग आहे. डिसेंबरात आंबिया बहारासाठी बाग ताणावर सोडलेली असते. पाणी तोडलेलं, पानं पिवळी पडून गळायला लागलेली. नवख्या माणसाला वाटेल बाग गेली. अण्णा मला बांधावर घेऊन गेले आणि म्हणाले, "ताण दिल्याबिगर बहार धरत न्हाई, बाय." मी तिथंच रडले आणि म्हटलं, "अण्णा, मी झाड नाहीये." ते गप्प राहिले. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण त्या दिवशी ते मला नको होतं. तुमच्या घरचंही कुणी असं काही बोलेल. त्यांच्यावर रागावू नका, पण लगेच पटलं पाहिजे असंही नाही.

पुण्यात परतल्यावर उत्तरपत्रिका मागवल्या. हे जरूर करा. निकालानंतर महिन्याच्या आत अर्ज केला की पेपरची स्कॅन केलेली प्रत मिळते. पडताळणीचा अर्ज वेगळा असतो, त्यात फक्त बेरीज आणि तपासायचं राहून गेलेलं उत्तर पाहतात, पेपर पुन्हा तपासत नाहीत. मी प्रती मागवल्या त्या स्वतःसाठी. ऑडिटच्या पेपरात एका प्रश्नावर माझी नजर थांबली. विचारलं होतं ते एसए ७०६ या ऑडिटच्या मानकातल्या 'एम्फसिस ऑफ मॅटर'बद्दल. मी पान भरून एसए ७०१ या दुसऱ्याच मानकातले 'की ऑडिट मॅटर्स' लिहिले होते, नीटनेटके मुद्दे पाडून. दोन्ही मला झोपेत विचारले असते तरी आले असते. पण मी झोपलेच नव्हते. त्या पेपराच्या आधीच्या दोन रात्री मिळून माझी झोप पाच तासही झाली नव्हती, आणि याचा मला अभिमान होता.

अभिमान कुठून आला तेही सांगते. सीएच्या परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटच्या बोधचिन्हात मधे गरुड आहे आणि भोवती संस्कृत ओळ, 'य एष सुप्तेषु जागर्ति'. १९४९ साली संस्था स्थापन झाली तेव्हा श्रीअरविंदांनी ती दिली, असं इन्स्टिट्यूट सांगते. सगळे झोपले असताना जो जागा असतो तो. क्लासमध्ये तिचा अर्थ एकच सांगितला जायचा, सीएच्या पोरांनी रात्री जागायचं. मी ती ओळ मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवली होती.

फेब्रुवारीतली गोष्ट. रात्रीचे दोन वाजून गेले होते. एफआर, म्हणजे फायनान्शियल रिपोर्टिंगच्या पेपरातलं, कंपन्यांचे हिशोब एकत्र मांडायचं कन्सॉलिडेशनचं एक गणित तिसऱ्यांदा चुकलं होतं. फोन वाजला, अण्णांचा. छातीत धस्स झालं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, मोटर चालू करायला ते बागेत गेले होते, आणि मी ऑनलाइन असल्याचं त्यांना दिसलं. मागे पाण्याचा आवाज येत होता. म्हणाले, "तू का जागी?"

"अभ्यास चाललाय."

"जागायचं काम माझं हाय. तू झोप."

एवढंच. फोन ठेवून मी समोरची ओळ वाचली आणि पहिल्यांदा व्याकरणाने वाचली. आज्ञा नाहीच ती. 'तू जाग' असं कुणीही कुणाला म्हणत नाही. कठोपनिषदातली ओळ आहे, आणि तिच्यातला जागणारा तो आहे, सर्वांच्या आत असलेला पुरुष. झोपलेल्यांमध्ये मी आहे. माझी जागा तिथं आधीपासून लिहून ठेवली होती आणि मी त्याच्या जागेवर बसून त्याच्यावर रुसले होते. दिवा मालवला आणि कितीतरी महिन्यांनी सकाळपर्यंत सलग झोपले.

त्या रात्रीनंतर माझा दिवस बदलला. साडेदहाला पुस्तक बंद, गणित अर्धं असलं तरी. हे पहिले पंधरा दिवस फार जड गेलं. अर्धं सोडून झोपणं म्हणजे उरलेलं कुणाच्या तरी हवाली करणं, आणि मला हवाली करायची सवयच नव्हती. सकाळी हरिपाठ, मग एएफएम, म्हणजे फायनान्शियल मॅनेजमेंटचा पेपर, कारण आकडेमोड ताज्या डोक्याने चुकत नाही. दर रविवारी एक पेपर तीन तास घड्याळ लावून पूर्ण लिहायचा. तोंडी उजळणीवर विसंबू नका. आरटीपी (उजळणीचे प्रश्न) आणि एमटीपी (सराव पेपर) इन्स्टिट्यूट फुकट देते, ते आधी संपवा, बाकी नोट्स नंतर. एखाद्या पेपरात ६० मिळून तो पुन्हा न देण्याची सूट लागली तर ती पुढच्या तीन अटेम्प्टना चालते, तेव्हा कुठला पेपर ६० पर्यंत नेता येईल हे आधीच ठरवा.

देव वाट दाखवतो म्हणजे काय, यावर मी बरीच चुकले होते. मे २०२४ च्या आधी मी नवस बोलले होते, खुणा शोधायचे, गुरुवारी हॉल तिकीट आलं म्हणजे चांगलं, असलं काहीबाही. नंतर मागे वळून पाहिलं तर वाट दाखवली गेली होती, पण ती अगदी साध्या माणसांकडून. मेसच्या काकू डबा परत आलेला पाहून स्वतः वर आल्या आणि समोर बसून जेवायला लावलं. आर्टिकलशिपमधल्या एका सीनियर ताईनं 'उत्तरपत्रिका मागव' म्हणून दोनदा फोन केला. अण्णांना रात्री दोनला बागेत लाईट मिळाली. यातल्या कशालाही मी तेव्हा देवाचं म्हटलं नसतं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, अन्न जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ती श्रद्धेची परीक्षा समजून एकट्याने सोसू नका. डॉक्टरकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येतं. मदत मागितली म्हणजे विश्वास कमी पडला, असं मला कधीच वाटलेलं नाही.

मे २०२५ चा निकाल ६ जुलैला लागला. त्या दिवशी आषाढी एकादशी होती. मी अण्णांबरोबर पंढरपुरात होते. पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहणं शक्यच नव्हतं, कळसाचं दर्शन घेतलं. गरुडखांबाला मिठी मारायला आत जाता आलं नाही, पण बोधचिन्हातला गरुड आठवला आणि हात जोडले. वाळवंटात इतकी माणसं, मोबाइलला रेंज कुठली! दुपारी निकाल लागून गेला आणि आम्ही चंद्रभागेच्या काठी टाळांच्या आवाजात बसून होतो. माझे हात थंड पडले होते. भीती गेली होती असं मी म्हणणार नाही. ती होती, आणि तिच्या शेजारी आणखीही काहीतरी होतं, त्याच्या आधाराने बसून राहता येत होतं.

परतीच्या वाटेवर रेंज आली. आधी मैत्रिणीचा मेसेज आला, अभ्यासिकेत दोन वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी, मंगळवेढ्याची. "नाही झालं गं. चार मार्क." मग माझा निकाल उघडला. ग्रुप सुटला होता. अण्णांना दाखवला, त्यांनी फोन कपाळाला लावला.

ती माझ्याइतकाच अभ्यास करत होती, माझ्याइतकीच श्रद्धा ठेवून होती. एकादशीला निकाल लागला म्हणून मी पास झाले, असं मी कुणाला सांगत नाही, आणि कुणी म्हणालं तर मला त्रास होतो.

तिला फोन लावला. दोघींनाही बोलता येईना. अण्णांनी फोन घेतला आणि म्हणाले, "पोरी, उद्या बारस सोडायला आमच्याकडं ये. पुरणपोळी हाय." दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं आली. जेवण झाल्यावर आम्ही ओसरीवर बसून तिच्या उत्तरपत्रिकांचा अर्ज भरला, आणि मग सप्टेंबरचा फॉर्म.