एकल महिलांची बैठक कशी बसवावी, कशी टिकवावी

नवरा गेलेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईला गावात मोकळेपणी बोलायला जागा नसते. माहेरी बोललं तर भाऊ काळजीत पडतो, सासरी बोललं तर भांडण होतं. म्हणून अशा बायकांची वेगळी बैठक लागते. ‘बचत गट आहेच की, त्यातच बोलू’ असं सगळ्यात आधी सुचवलं जातं. तसं करू नका. जिचा हप्ता थकलाय ती बाई गटातल्या इतरांसमोर घरची अडचण सांगत नाही, आणि पैशांचा हिशोब झाला की बाकीच्या उठून जातात. या बैठकीत वर्गणी, बचत, कर्ज काहीही नको.

पाच-सहा जणींपासून सुरुवात करा. दहा-बारा जणी म्हणजे भरपूर; पंधराच्या वर गेल्या की दोन बैठका कराव्यात, नाहीतर निम्म्या जणी नुसत्या ऐकून घरी जातात. बोलावणं घरी जाऊन, एकेकीला द्यावं. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकू नये, कारण फोन बऱ्याचदा मुलाच्या नाहीतर दिराच्या हातात असतो. सासू-सून किंवा दोन जावा एकाच बैठकीत घेऊ नका. त्या कितीही गुण्यागोविंदाने नांदत असल्या तरी एकमेकींसमोर खरं बोलता येत नाही.

अंगणवाडी सुटल्यावर रिकामी असणारी खोली सगळ्यात बरी. सेविकेला आधी विचारून ठेवा. देवळाचा सभामंडप आणि पुढाऱ्याची ओसरी नको, तिथे कोण आलं-गेलं ते सगळ्या गावाला दिसतं. मजुरी बुडवून कोणी येणार नाही. ज्या गावात अमावास्येला शेतकाम बंद असतं तिथे तोच दिवस धरा, नाहीतर जेवणं आटोपल्यावर रात्री साडेआठला बसा. महिन्यातून एकदा, दीड तास. सुगीच्या दिवसांत बैठक रद्द करण्यापेक्षा पाऊण तासाची घ्या, पण खंड पडू देऊ नका.

बसायचं गोलात. गुडघेदुखीवालीसाठी खुर्ची असावी, पण तीही गोलातच. हळदीकुंकवाचा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. कुंकू लावायला कोणी एकीने फिरू नये, कारण हात कोणापुढे थांबतो आणि कोणाला टाळून पुढे जातो हेच सगळ्यांच्या डोळ्यांत भरतं. तबकात करंडा आणि फुलं मध्ये ठेवून द्या. जिला हवं ती घेईल, जिला नको तिला आग्रह नको. काहींना कुंकू लावायची मनातून भीती वाटते. त्यांना वर्षभर तसंच बसू द्यावं.

‘तुझं दुःख सांग’ म्हटलं की बायका गप्प होतात. साधे प्रश्न विचारा: घरात पैसे कोणाकडे असतात? दवाखान्यात जायचं तर कोणाला विचारावं लागतं? लग्नाला बोलावणं आलं तर जाता का? प्रत्येकीला चार-पाच मिनिटं द्या. मध्ये कोणी तोडायचं नाही. सांगून झालं की विचारायचं, ‘सल्ला हवाय की आम्ही नुसतं ऐकून घ्यायचं?’ बाई रडली तर ‘रडू नको’ म्हणू नका, पाणी द्या आणि थांबा. एकच बाई दर वेळी सगळा वेळ घेत असेल तर पुढच्या बैठकीत तिला शेवटची पाळी द्या. झोप उडालीय, जेवण जात नाही, जीव नकोसा झालाय असं कोणी बोललं तर विषय पुढे ढकलू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर तिच्यासोबत बसून फोन लावा. मारहाण होत असेल तर महिलांच्या मदतीसाठीचा १८१ क्रमांक लावा.

वहीत फक्त तारीख, हजेरी आणि कागदपत्रांची कामं लिहावीत. कोणाच्या घरातली गोष्ट लिहायची नाही. बाहेर बोलणं गेलं तर ज्या बाईकडून गेलं तिच्याशी एकटीशी बोला. पुन्हा झालं तर तिला दोन-तीन बैठका थांबायला सांगा. इथे भीड धरलीत तर बैठक मोडते.

शेवटचा अर्धा तास कागदांचा, आणि तो चुकवायचा नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली का ते पाहा आणि दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा. नवऱ्याच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापल्याची नोंद असेल तर ती जीवनज्योती विमा योजना, म्हणजे २ लाखांचा दावा; २० रुपयांची नोंद असेल तर ती सुरक्षा विमा योजना, त्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. पासबुक अडगळीत पडून राहतं आणि हे पैसे कोणी मागतच नाही. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या, पोच घ्या. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या हिश्श्यात बायको, प्रत्येक मूल आणि सासू यांचा सारखा वाटा असतो. पुन्हा लग्न केलं म्हणून मिळालेला वाटा परत जात नाही.

सगळ्यात मोठा धोका हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याच्या कागदाचा. ‘नुसती सही कर, पुढे नाव लावू’ असं म्हणून कागद पुढे येतो, तोही घरातल्याच माणसाकडून. बैठकीत एकच नियम पक्का करा: कोणताही कागद मोठ्याने वाचून झाल्याशिवाय सही किंवा अंगठा नाही. अडलं तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. तुमच्या गावात ठराव नसेल तर ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला ग्रामसभेत लेखी विषय द्या. पण ठराव झाला तरी अंत्यविधीच्या गडबडीत तो कोणाला आठवत नाही. बांगड्या फुटतात, जोडवी निघतात. म्हणून बैठकीतल्या दोघी आधीच ठरवून ठेवा, एक वयस्क आणि एक त्या घराच्या ओळखीतली. कोणाचा नवरा गेल्याची बातमी कळताच त्यांनी जाऊन त्या बाईच्या दोन बाजूंना बसायचं. तिला जमेल तेव्हा ‘हे करायचंय का?’ असं हळूच विचारायचं आणि ती नको म्हणाली तर तेवढंच सांगायचं: ‘तिला नकोय.’ भावकीशी वाद घालायचा नाही, तिचा हात सोडायचा नाही. तेराव्यानंतर त्याच दोघींनी पुन्हा जावं, पण बैठकीची घाई करू नये. तोवर मृत्यूचा दाखला आणि पासबुक एवढंच काम.