सायक्लोनमधून धूळ सुटते? आधी खाली वाकून बघा

सायक्लोन म्हणजे धुळीची हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडणारं निमुळतं नळकांडं. बेळगावच्या कारखान्यांच्या भागांत, उद्यमबाग, मच्छे, होनगा, कुठंही जा, फोनवर प्रश्न एकच: "चिमणीतून धूळ जातीय, मोठा ब्लोअर टाकू का?" नका टाकू. निदान हॉपरखाली, म्हणजे धूळ साठते त्या खालच्या पेटीखाली, वाकून बघेपर्यंत तरी नको.

सायक्लोनमध्ये वर चढणाऱ्या भोवऱ्याच्या गाभ्यात दाब सगळ्यात कमी असतो आणि ती ओढ खाली धूळ पडते त्या तोंडापर्यंत पोचते. तिथं फट राहिली की बाहेरची हवा आत घुसते आणि खाली बसलेली बारीक धूळ उचलून पुन्हा वर नेते. ब्लोअर मागून ढकलणारा असला, तरी गाभ्यात ओढ असू शकते.

एका फाउंड्रीच्या सँड प्लांटवर मालकांनी मोटर दोनदा वाढवली होती, आणि दर वेळी धूळ वाढली होती. जाऊन बघतो तर रोटरी व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत न घेता धूळ बाहेर काढणारं फिरत्या पात्यांचं झाकण, काढून भिंतीला टेकवलेला. सारखा जाम होतो म्हणे. त्याच्या जागी सुतळीनं बांधलेलं पोतं, तेही ओढीनं आत गेलेलं. ऑपरेटर खुशीत होता. "साहेब, पोतं भरतच नाही की हो, धूळच कमी आहे." धूळ शेजारच्या शेडच्या पत्र्यावर होती! जुनाच व्हॉल्व्ह साफ केला, झिजलेली पाती बदलली, जोडांना नवे गॅस्केट घातले. हॉपर भरू लागला. वाढवलेल्या मोटरचे पैसे मात्र गेले ते गेले.

प्लांट चालू असताना मी प्रत्येक जोडाशी उदबत्ती धरतो. धूर आत वळला की फट सापडली. साखरेची, पिठाची किंवा लाकडाच्या भुशाची धूळ असेल तिथं मात्र उदबत्ती पेटवायची नाही, ती धूळ भडकते. तिथं साधा दोरा धरावा.

दुसरी चूक कागदावरची. बॉयलरवाला वायूचा आकडा 'नॉर्मल' घनमीटरमध्ये देतो आणि ड्रॉइंग करणारी पोरं त्यावरच इनलेटचं, म्हणजे वायू आत शिरण्याच्या तोंडाचं, माप काढतात. शून्य अंशाचे १०,००० घनमीटर १५० अंशाला साधारण १५,५०० होतात. इनलेटला १५ मीटर प्रतिसेकंद वेग धरला असेल, तर प्रत्यक्षात २३ मिळतो. दाबाची घट दीडपट होते आणि बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेसोबत आलेली वाळू इनलेटसमोरचा पत्रा खाऊन टाकते. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, हवा विरळ. कॅटलॉगमधला ब्लोअर इथं तेवढा दाब देत नाही.

शेजाऱ्याचं ड्रॉइंग आणून सगळी मापं दुप्पट करणारे तर हमखास भेटतात. वेग तोच ठेवून व्यास दुप्पट केला, की पकडीतून निसटणाऱ्या कणाचा आकार सुमारे १.४ पट होतो. त्यापेक्षा दोन-चार लहान सायक्लोन शेजारी लावा. पण सगळ्यांना वायू सारखा वाटला गेला पाहिजे, नाहीतर सामाईक हॉपरमधूनच एकाचा वायू दुसऱ्यात शिरतो.

पत्रा वाचवायला साफ झालेला वायू वरून बाहेर नेणारा आतला पाइप आखूड करू नका. तो इनलेटच्या तळाच्या खाली उतरलाच पाहिजे. हॉपर काठोकाठ भरू देऊ नका. खालच्या निमुळत्या भागाला (कोनला) हातोडीनं ठोकू नका, पोचा आला की धूळ तिथंच चिकटते.

आणि ५ मायक्रॉनखालच्या धुळीसाठी सायक्लोनला दोष देऊ नका. ते काम बॅग फिल्टरचं, म्हणजे कापडी पिशव्यांच्या गाळणीचं. "सायक्लोनवरच भागवा की" म्हणणाऱ्यांना मी कोटेशनच देत नाही.