ओट्याच्या आणि शॉवरच्या दगडाला टिकणारा सीलर कसा निवडावा

सीलर म्हणजे पाणी आणि डाग दगडात मुरू नयेत म्हणून लावायचं द्रावण. ‘चांगला सीलर कुठला?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, दगड कुठला आहे? बहुतेकांना ते नक्की सांगता येत नाही. मात्र बाटलीवर किती वर्षांची हमी लिहिली आहे, ते त्यांना पाठ असतं. दगडाचं पॉलिश आणि सीलिंग हेच माझं काम आहे. सीलर किती टिकेल ते दगडाची जात, लावणाऱ्याचा हात आणि रोजची पुसापुशी यांवर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. हमीचा आकडा वाचाच, पण त्याखालच्या बारीक अक्षरातल्या अटींसकट वाचा. ठरावीक क्लीनरनेच पुसायचं, इतक्या महिन्यांनी पुन्हा हात मारायचा, अशा अटी तिथेच असतात.

दगड ओळखायला फारसं काही लागत नाही. कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. जागा निस्तेज झाली, तर तो मार्बल, लाइमस्टोन किंवा ट्रॅव्हर्टाइन, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा दगड. काहीच झालं नाही, तर बहुधा ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट किंवा त्यांच्या जातीचा. दुकानात क्वार्ट्झाइट म्हणून विकलेला दगड प्रत्यक्षात मार्बल निघतो, असं मी पाहिलंय. म्हणून बिलावरच्या नावापेक्षा या थेंबावर माझा जास्त भरवसा. कारखान्यात बनणारा क्वार्ट्झ ही वेगळीच वस्तू. त्यात क्वार्ट्झची भुकटी रेझिन या प्लास्टिकसारख्या पदार्थाने बांधलेली असते, त्यामुळे तो पाणी पीत नाही आणि त्याला सीलर लागत नाही. पोर्सलेन आणि चकचकीत टाइल्सनाही नाही. तिथे फक्त सांध्यांमधल्या सिमेंटच्या ग्राउटला लावा. ग्राउट इपॉक्सीचं, म्हणजे रेझिनचं असेल, तर तेही सोडा.

आता खरी परीक्षा. कोरड्या, स्वच्छ दगडावर चमचाभर पाणी ठेवा आणि जवळ बसून बघा. घड्याळ लावा. दोन-चार मिनिटांतच पाण्याच्या कडेने गडद वलय उमटलं, तर दगड चांगलाच शोषतोय. दहा-पंधरा मिनिटांनी पाणी टिपून घेतल्यावर खाली ओलसर छाया दिसली, तरी सीलरची गरज आहेच. अर्ध्या तासानेही दगडाचा रंग बदलला नाही, तर सीलरवर पैसे घालवू नका. काळ्या, दाट ग्रॅनाइटच्या बाबतीत हे मी मुद्दाम सांगते. त्यातले बरेच दगड इतके घट्ट असतात की सीलर आत जातच नाही. तो वरच वाळतो आणि ओशट, पांढुरकी झाक राहते. मग ती काढण्याचं काम वाढतं. ओट्यासाठी अशीच चाचणी तेलाच्या एका थेंबानेही करा, तीही आडोशाच्या कोपऱ्यात. पाणी अडवणारा दगड तेल अडवेलच असं नाही.

सीलर मुळात दोन प्रकारचे. एक दगडावर थर धरतो, दुसरा आत मुरतो. थर धरणारे सीलर बहुतेक अॅक्रिलिकचे किंवा युरेथेनचे असतात. लावल्या दिवशी ते फार सुंदर दिसतात. पण ओट्यावर भांडी सरकतात, सुरी लागते, गरम पातेलं टेकतं; थराला ओरखडे पडतात आणि तो तुकड्यातुकड्याने निघू लागतो. ओटा असो की शॉवर, मी आत मुरणाराच घ्यायला सांगते. तो छिद्रांच्या आतल्या भिंतींना चिकटतो, छिद्र बुजवत नाही. त्यामुळे पाणी आत शिरायला अडतं, पण आतली वाफ बाहेर पडू शकते.

आत मुरणाऱ्यांतही फरक आहे, आणि लेबल वाचायचं ते याचसाठी. सिलेन आणि सिलॉक्सेन या रसायनांचा ग्रॅनाइट, सॅंडस्टोनसारख्या सिलिका असलेल्या दगडाशी रासायनिक बंध जुळतो, म्हणून तिथे ती दीर्घकाळ टिकतात. सिलेनचे रेणू लहान, ते खोलवर आणि दाट दगडातही जातात. सिलॉक्सेनचे मोठे, ते जास्त सच्छिद्र दगडाला बरे. मार्बलमध्ये सिलिका जवळपास नसतेच, त्यामुळे तिथे हा बंध कमकुवत राहतो. शिवाय ही दोन्ही पाणी चांगलं परतवतात, तेल तितकं नाही. तेलालाही अडवतो तो फ्लुओरोपॉलिमरचा सीलर. तो महाग असतो, पण स्वयंपाकाच्या ओट्यावर, त्यातही फिकट रंगाच्या दगडावर, मी दुसरा घेणार नाही. लेबलावर ‘पाणी आणि तेल दोन्हींपासून’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे का, आणि सुकल्यावर अन्नाचा स्पर्श चालतो असं म्हटलंय का, हे दोन्ही बघा. रंग गडद करणारा सीलर हवा असेल, तर आधी सुट्या तुकड्यावर लावून बघा. तो रंग मागे घेणं सोपं नसतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही किमतीचा सीलर करू शकत नाही. तो मार्बलला आम्लापासून वाचवत नाही. डाग म्हणजे रंग किंवा तेल दगडात मुरणं, ते सीलर रोखतो. लिंबू, व्हिनेगर, वाइन सांडल्यावर पडणारा फिक्कट चट्टा वेगळा. तिथे आम्लाने दगडाचा वरचा पापुद्राच विरघळवलेला असतो. बोट फिरवलं तर हलका खरखरीतपणा लागतो, आणि दिव्याच्या तिरप्या उजेडात चट्ट्याची कड स्पष्ट दिसते. तो घासून, पुन्हा पॉलिश करूनच जातो. ओट्याला मार्बल घ्यायचाच असेल, तर चकचकीत न घेता मॅट पॉलिशचा घ्या. त्यावर चट्टे कमी उठून दिसतात.

शॉवरचा हिशेब निराळा. तिथे तेलाचा त्रास कमी, पण पाणी रोजचं. सीलर म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. भिंतीत पाणी जाऊ नये याची सोय दगडामागच्या थरातच व्हायला हवी. मागून ओल येत असेल आणि वर तुम्ही थराचा सीलर मारला, तर ओल अडकते, थर पांढरा पडतो आणि पापुद्रे सुटतात. सांध्यांतून पांढरी भुकटी बाहेर येत असेल, तर ते पाण्याबरोबर आलेले क्षार आहेत. आधी ओल कुठून येते ते शोधा, सीलर नंतर. पांढऱ्या मार्बलमध्ये लोहाचे कण असतील, तर सतत ओलं राहून ते गंजतात आणि दगड पिवळा-तांबूस होतो. हे सीलरने पूर्ण थांबत नाही. म्हणून शॉवरसाठी मी दाट ग्रॅनाइट सुचवते, आणि मार्बल असेल तर आंघोळीनंतर पाणी वायपरने ओढून टाकायला सांगते. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून जी राप धरतात, तीही त्याने बरीच कमी होते.

लावताना घाई करू नका. शॉवर दोन-तीन दिवस बंद ठेवून दगड आणि सांधे पूर्ण कोरडे होऊ द्या. नवं ग्राउट असेल तर त्याच्या पाकिटावर दिलेली मुदत पाळा. आतून ओल्या दगडात सीलर मुरत नाही. आधी तटस्थ, म्हणजे ना आम्ल ना अल्कली अशा क्लीनरने धुऊन साबणाचा अंश काढा. बंद शॉवरमध्ये पाण्यात बनवलेला सीलर बरा. सॉल्व्हंटचा, म्हणजे थिनरसारख्या द्रावकातला वापरणार असाल, तर खिडकी उघडी आणि शेगडी, बर्नर पूर्ण बंद. लहान भागावर पातळ हात मारा, लेबलावरची मिनिटं मोजा आणि वाळायच्या आत उरलेला सीलर सुक्या कापडाने पुसून टाका. दगड अजून पीत असेल, तर दुसरा हात. पृष्ठभागावर सीलर वाळू दिला की धूसर झाक येते. लगेच लक्षात आलं, तर त्याच सीलरने ती जागा पुन्हा ओली करून कापडाने घासा, बहुतेक वेळा झाक सुटते. त्यानंतर लेबलावर दिलेली मुदत पूर्ण होईपर्यंत पाणी लागू देऊ नका, ती बहुधा एक ते तीन दिवसांची असते.

रोज पुसायला तटस्थ क्लीनरच. व्हिनेगर मार्बलला खातो. ब्लीच आणि तीव्र अल्कली वारंवार वापरलं, तर सीलरचं आयुष्य कमी होतं. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा आम्ल कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

पुन्हा कधी लावायचा, तर ते कॅलेंडरवर न ठरवता वर्षातून एकदा चमचाभर पाण्याच्या चाचणीवर ठरवा. ओट्यावर ती सिंक आणि शेगडीजवळ करा, कारण सीलर आधी तिथेच उतरतो. शॉवरमध्ये खालच्या ओळींतल्या फरशा आणि सांधे बघा. तेवढाच भाग शोषत असेल, तर तेवढ्याच भागाला लावून भागतं. घर नवं घेतलं असेल आणि आधीच्या मालकाने दगडावर काय लावलंय ते माहीत नसेल, तर नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने कोपऱ्यात खरवडून बघा. पापुद्रा सुटला, तर तो जुना थर स्ट्रिपरने पूर्ण काढल्याशिवाय नवा सीलर आत मुरणार नाही. मार्बलसाठी स्ट्रिपर निवडताना तो आम्लाचा नाही ना, हे आधी लेबलावर तपासा.